जागा मिळाली, पुढें काय?



श्रावण लागला कीं आमच्या गांवच्या वेशीवर एक फलक चढतो. त्यावर एखाद्या पोराचा फोटो, गळ्यांत हार, आणि खालीं ठळक अक्षरांत 'इंजिनिअरिंगला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. पोरापेक्षां पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतात, तो भाग निराळा. पोराचा बाप चार दिवस पारावर ताठ बसतो, आई घरोघर पेढे वांटते. हें सर्व योग्यच आहे. ज्या घरांत आजा अंगठा उठवीत होता, त्या घरांतलें पोर यंत्रशास्त्र शिकावयास निघतें ही लहान गोष्ट नव्हे. पण दोन वर्षांनीं तोच फलक कोणाच्या तरी गोठ्यावर पावसाच्या आडोशाला बांधलेला दिसतो, आणि पोर कोठें आहे हें कोणी विचारीत नाहीं. मीं विचारलें. जें ऐकलें तें आपल्यापुढें ठेवतों.

मी वीसएक वर्षें खेड्यांतल्या मराठी शाळेंत मास्तरकी करीत आहें. माझें शिक्षण डी.एड.पुरतें. इंजिनिअरिंग कॉलेज मीं बाहेरूनच पाहिलें आहे; तेव्हां प्राध्यापकांस शहाणपण शिकविण्याचा माझा अधिकार नाहीं. पण पोरें मीं पाहिलीं आहेत, तीं जातांनाही आणि परततांनाही.

एक सुताराचा मुलगा माझ्या हाताखालून गेला. चौथींत असतांना बापाचा गुण्या घेऊन शाळेंत आला आणि आमच्या फळ्याची चौकट काटकोनांत नाहीं असें त्यानें मला सर्वांदेखत दाखवून दिलें. पुढें बारावीला उत्तम गुण पडले, यादींत नांव लागलें, शहरांतल्या एका कॉलेजांत यांत्रिकी शाखेला जागा मिळाली. फलक लागला. पहिल्या सत्रांत त्याचे चार विषय राहिले. दुसऱ्या सत्रांत आणखी राहिले, वर्ष गेलें. पोळ्याला घरीं आला तो परत गेलाच नाहीं.

मी त्याच्या घरीं गेलों तेव्हां तो रंधा मारीत होता. मीं म्हटलें, "अरे, अडलें कोठें?" बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, कळत नव्हतं असं नाही. इंग्रजीतनं कळायला उशीर लागायचा. तवर फळा पुसलेला असायचा. आन् विचारायचं कुणाला?" मीं म्हटलें, "शेजारच्या पोरांस विचारायचें." तो म्हणाला, "एकदा विचारलं. एवढं येत नाही मग इथं आलास कसा, म्हनले. परत नाही विचारलं."

दुसरी गोष्ट त्यानें हंसत हंसत सांगितली, पण मला हंसूं आलें नाहीं. कॉलेजच्या कार्यशाळेंत पहिल्या वर्षाला सुतारकाम असतें. लाकडाचा सांधा करावयाचा होता. ह्यानें तो अर्ध्या तासांत असा केला कीं फटींतून कागद जाणार नाहीं. पण तोंडी परीक्षेंत हत्यारांचीं नांवें विचारलीं, आणि पटाशी, रंधा, गिरमिट हीं ज्याच्या घरीं दर दसऱ्याला पूजेस लागतात त्याला त्यांचीं इंग्रजी नांवें वेळेवर आठवेनात. दहांपैकीं तीन गुण.

येथें माझाही गुन्हा कबूल केला पाहिजे. तो शहरास निघाला तेव्हां मीच त्याला सांगितलें होतें, "खालमानेनें राहा, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत पडूं नको, आपण बरें कीं आपला अभ्यास बरा." चांगल्या हेतूनें सांगितलें. आपण सगळेच आपल्या पोरांस हेंच सांगतों. त्यानें तें अक्षरशः पाळलें, आणि त्यानेंच तो बुडाला असें मला आज वाटतें.

गांवांत त्याच्याविषयीं दोन मतें झालीं. एक मत असें कीं, राखीव जागेवर गेला, झेपलें नाहीं. दुसरें असें कीं, नशिबांत नव्हतें. हीं दोन्ही मतें आळशी आहेत. पहिलें मत सांगणारा म्हणतो कीं डोकें नाहीं. दुसरें मत सांगणारा म्हणतो कीं दैव नाहीं. आणि दोघेही कोणी कांहीं करण्याची गरज नाहीं असें ठरवून मोकळे होतात. डोकें नाहीं म्हणणाऱ्यांस मी एवढेंच विचारतों: पायाचा कोपरा काटकोनांत आणण्यासाठीं गवंडी दोरीनें तीन, चार आणि पांच असें माप धरतो, तें भूमितीच्या पुस्तकांतलें प्रमेयच नव्हे काय? विळ्याला पाणी पाजतांना लोहार तापल्या लोखंडाच्या रंगावरून वेळ ओळखतो, तें धातुशास्त्र नव्हे तर काय आहे? ज्या घरांत हें चालतें त्या घरांतल्या पोराला डोकें नाहीं असें म्हणावयास मोठें धाडस पाहिजे.

मग हीं पोरें मागें कां पडतात? ह्या प्रश्नाचा एक फार चांगला तपास अमेरिकेंत झाला आहे. अमेरिकेचें नांव ऐकून वाचकांनीं दचकूं नये. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिलें, तेव्हां तें पुस्तक अमेरिकेंतल्या त्या सज्जनांस अर्पण केलें होतें, ज्यांनीं काळ्या लोकांस दास्यांतून सोडविण्यासाठीं झीज सोसली. त्या सुटलेल्या लोकांचीं पणतवंडें कॉलेजांत गेलीं तेव्हां काय झालें, ही चौकशी आपल्याला परकी नाहीं.

कॅलिफोर्नियांत बर्कली येथें एक नामांकित विद्यापीठ आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथें युरी ट्राइसमन नांवाचा तरुण गणित शिकवीत असे. त्याला दिसलें कीं, कलन म्हणून जो गणिताचा भाग आहे, ज्याला आपलीं पोरें कॅल्क्युलस म्हणतात व ज्यावांचून इंजिनिअरिंगचें दार उघडत नाहीं, त्यांत कृष्णवर्णी विद्यार्थ्यांपैकीं निम्म्याहून अधिक गटांगळ्या खातात. त्यानें इतर शिक्षकांस कारण विचारलें. उत्तरें ठरलेलीं: मुलांस इच्छा नाहीं, पाया कच्चा आहे, घरच्यांचें पाठबळ नाहीं, पैसा नाहीं. आपल्याकडे शिक्षकांच्या खोलींत बसलें तर हींच चार उत्तरें ह्याच क्रमानें ऐकूं येतात.

ट्राइसमन तेवढ्यावर थांबला नाहीं. वीस कृष्णवर्णी आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले, आणि तीं मुलें अभ्यास कशीं करतात हें त्यांच्या मागें मागें राहून प्रत्यक्ष पाहिलें. चारही कारणें टिकेनात. हीं मुलें आपापल्या शाळेंत पहिलीं आलेलीं, आईबापांनीं पोटाला चिमटा घेऊन पाठविलेलीं, मेहनतीला कमी नाहींत. फरक निराळाच निघाला. कृष्णवर्णी मुलगा शिक्षकानें सांगितल्याप्रमाणें आठवड्याला आठ तास अभ्यास करी, पण एकटा, खोलीचें दार लावून. अडलें तर कोणास विचारीत नसे. आपण कच्चे आहोंत हें कोणास कळूं नये ही धास्ती. चिनी मुलें आठदहा तास एकटीं अभ्यास करीत आणि मग संध्याकाळीं एकत्र बसून एकमेकांच्या वह्या तपाशीत, जेवतां जेवतां गणितावर भांडत. सगळे मिळून आठवड्याला चौदाएक तास होत. एखादें गणित कोणासच सुटलें नाहीं, तर चूक आपली नसून गणितच कठीण आहे एवढें तरी त्यांस कळे. एकट्या बसलेल्या मुलाला तें कधींच कळत नाहीं. तो समजतो कीं जगांत आपणच तेवढे मठ्ठ.

मीं हें वाचलें तेव्हां मला तो रंधा मारणारा मुलगा आठवला. आणि माझा उपदेश आठवला.

ट्राइसमननें १९७८ सालीं जो वर्ग काढला त्याची खुबी ऐका. त्यानें कच्च्या मुलांचा जादा वर्ग काढला नाहीं. तसा वर्ग काढला कीं स्वाभिमानी पोर त्याच्या दारांतही उभें राहत नाहीं. आमच्या शाळेंतसुद्धां 'ढ' पोरांस सुटीनंतर बसविलें तर तीं भिंतीवरून उड्या टाकतात. त्यानें सांगितलें, हा हुशार मुलांचा वर्ग आहे, येथें वर्गापेक्षां अवघड गणितें मिळतील आणि तीं चारपांचजणांनीं मिळून सोडवावयाचीं. मुलें आलीं. बसलीं. भांडलीं. आणि ज्या विषयांत नापास होण्याची जणूं परंपरा पडली होती, त्यांत चांगल्या श्रेणीनें पास होऊं लागलीं.

पुढें १९८८ सालीं त्याच देशांत बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड विद्यापीठांत फ्रीमन ह्राबोव्स्की नांवाच्या गणिताच्या प्राध्यापकानें मायरहॉफ नांवाच्या एका दानशूर गृहस्थाच्या देणगींतून असाच मोठा उद्योग आरंभिला. हे ह्राबोव्स्की स्वतः कृष्णवर्णी. १९६३ सालीं बर्मिंगहॅमच्या मोर्चांत बारा वर्षांचे असतांना तुरुंगांत जाऊन आलेले. त्यांच्या योजनेंत मुलांस कॉलेज सुरू होण्याआधींच उन्हाळ्यांत बोलावून एकत्र ठेवतात, पहिल्या वर्षाचा अभ्यास सुरू करून देतात, गटानें अभ्यास करण्याची संवय लावतात, आणि लवकरच कोणा शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत कामाला घालतात. ज्यांनीं ह्या योजनेंत प्रवेश घेतला आणि ज्यांनीं बोलावणें येऊनही तो घेतला नाहीं, अशा सारख्याच हुशार मुलांची तुलना केली तेव्हां पहिलीं शास्त्र-अभियांत्रिकीच्या पीएच.डी.पर्यंत सुमारें पांच पट अधिक पोंचलेलीं दिसलीं. २०२० सालीं करोनाच्या सांथींत मॉडर्ना लसीमागच्या संशोधनांत किझमेकिया कॉर्बेट ह्या विदुषी अग्रभागीं होत्या. त्या ह्याच योजनेंतून पुढें आलेल्या.

आतां कोणी म्हणेल, तो श्रीमंत देश. बरें तर, आपलाच दाखला घेऊं. शाहू महाराजांनीं करवीर राज्यांत मागासलेल्या वर्गांस नोकऱ्यांत निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढला तो २६ जुलै १९०२ चा. पण कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें बोर्डिंग उभें राहिलें तें १९०१ सालीं. तारखा नीट पाहा. आधीं बिऱ्हाड, मग जागा. त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी अशीं एकामागून एक बोर्डिंगें निघालीं, १९०८ सालीं अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. महाराजांस ठाऊक होतें कीं, खेड्यांतलें पोर शहरांत एकटें पडलें कीं तें टिकत नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें, तेथें सर्व जातींचीं पोरें एका पंक्तीला बसलीं, एका कंदिलाखालीं शिकलीं. त्या पोरांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. ट्राइसमनला जें १९७८ सालीं सुचलें, त्याचा निम्मा भाग आपल्या वडीलमंडळींनीं आधींच करून ठेवला होता. तो आपणच विसरलों. आज वसतिगृह म्हटलें कीं आपल्याला खाट, पंखा आणि खानावळ एवढेंच दिसतें.

आणि शास्त्र-यंत्रविद्येचा आग्रह तरी आपल्याला कोठें नवा आहे? सयाजीराव महाराजांनीं बडोद्यास कलाभवन काढलें तें १८९० सालीं, आणि तेथें रंगकाम, यंत्रकाम हीं देशी भाषेंतून शिकविण्याचा प्रयत्न झाला. १९४२ सालीं डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळाचे सभासद झाले, तेव्हां अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचें जें निवेदन त्यांनीं सरकारला दिलें त्यांत हा मुद्दा स्पष्ट आहे: नुसत्या साहित्याच्या आणि वकिलीच्या पदव्यांनीं आमचें भागणार नाहीं, शास्त्राचें व यंत्रविद्येचें उच्च शिक्षण पाहिजे, आणि त्यासाठीं सरकारनें शिष्यवृत्त्या द्याव्या, येथें आणि परदेशांतही. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मुलांस शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति ही त्याच रोपाची वाढ आहे.

शिष्यवृत्तीची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. पैसा किती मिळतो ह्याइतकेंच तो कधीं मिळतो ह्याला महत्त्व आहे. पेरणी झाल्यावर बियाणें आलें तर त्याचा काय उपयोग? २०२४ सालीं उत्तर प्रदेशांतल्या एका रोजमजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त विद्युत् अभियांत्रिकीची जागा मिळाली. जागा राखण्यासाठीं १७,५०० रुपये ठरल्या वेळेच्या आंत भरावयाचे होते. घरच्यांनीं गांवांत फिरून रक्कम जमविली, तोंवर संगणकावरची मुदत सरली आणि जागा गेली. मुलगा हिंमतीचा, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजीं न्यायालयानें त्याला ती जागा देवविली. फार चांगलें झालें. पण दरेक पोराला दिल्ली गांठतां येत नाहीं. त्या घरीं आदल्या दिवशीं १७,५०० रुपये असते तर एवढा खटाटोप करावाच लागला नसता. आमच्या गांवांत यात्रेच्या तमाशाची सुपारी ह्याहून मोठी असते, आणि ती वेळेवर पोंचते.

भाषेचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. २०२१ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें देशी भाषांतून इंजिनिअरिंग शिकविण्यास परवानगी दिली. मराठींतही वर्ग निघाला, पुस्तकें निघालीं. मी मराठी शाळेचा मास्तर, मला ह्याचा आनंदच आहे. पण मनांत एक भीति आहे, ती लपवीत नाहीं. गरिबाच्या पोरांस मराठी वर्ग आणि पैसेवाल्यांच्या पोरांस इंग्रजी वर्ग अशी वांटणी झाली, तर उद्यां नोकरी देणारा विचारील, "तुमची पदवी कोणत्या वर्गाची?" त्यापेक्षां पहिल्या वर्षाला सर्व मुलांस एकाच वर्गांत बसवून शिक्षकानें दोन्ही भाषांत बोलावें, फळ्यावर इंग्रजी शब्दाशेजारीं मराठी शब्द लिहावा, हें मला अधिक बरें वाटतें. कित्येक चांगले प्राध्यापक हें आजही करतात. ते बहुधा आपल्यासारख्याच घरांतून आलेले असतात. आय.आय.टी.त अनुसूचित जाति-जमातींच्या भरल्या न गेलेल्या जागांसाठीं वर्षभराचा पूर्वतयारीचा वर्ग असतो. तो चांगलाच आहे. पण त्यांतून वर चढलेल्या मुलाकडे पुढच्या वर्गांत कोणी बोट दाखवीत नाहीं, अशी हमी वर्गाबरोबर मिळत नाहीं.

मुलींविषयीं थोडें. आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी महाराष्ट्र सरकारनें २०२४ पासून माफ केली आहे. तेव्हां फीचें निमित्त आतां सांगूं नका. मुलगी शहरांत एकटी कशी राहील हीच तुमची खरी अडचण असेल, तर उत्तर मुलीला घरीं ठेवणें हें नव्हे. शेजारच्या गांवची दुसरी मुलगी शोधा आणि दोघींस एकाच कॉलेजांत घाला.

हें मी मुलांसही सांगूं लागलों आहें. जागा निवडतांना अर्ज भरणाऱ्या दुकानदाराच्या भरंवशावर राहूं नका. पंचक्रोशींतलें आपल्या ओळखीचें पोर कोणत्या कॉलेजांत आधीं गेलेलें आहे, तें पाहा. दोन पायऱ्या खालचें कॉलेज असलें तरी चालेल, पण तेथें पहिल्या दिवशीं हाक मारणारा कोणी असावा. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आमच्या भागांतले पांचपन्नास तरी इंजिनिअर आहेत. देवळाच्या कळसाला ते आनंदानें वर्गणी पाठवितात. त्यांस मीं पत्रें लिहिलीं कीं, वर्गणी नको, रविवारचे दोन तास द्या. गांवचें जें पोर तुमच्या शहरांत आलें आहे त्याला आणखी तिघांसह घरीं बोलवा, जेवूं घाला आणि त्यांस एकमेकांचीं गणितें सोडवूं द्या. चौघांनीं उत्तरें दिलीं. त्यांत एकानें लिहिलें कीं, पहिल्या वर्षीं तोही नापास झाला होता आणि हें त्यानें गांवांत आजवर कोणास सांगितलेलें नाहीं. त्याला मीं उलट लिहिलें, पोरांस पहिल्यांदा हेंच सांगा.

आणि आईबापांनो, पोर सुटीला घरीं आलें कीं "किती टक्के?" हा प्रश्न पहिल्या घोटाबरोबर विचारूं नका. "अभ्यासाला कोणाबरोबर बसतोस?" असें विचारा. कोणाचेंही नांव त्याला सांगतां आलें नाहीं, तर त्याच आठवड्यांत कॉलेजांत जाऊन या, मग शेतांत कापूस फुटलेला असो नाहींतर भात उभा असो.

यंदां आमच्या गांवांतून दोन मुली आणि एक मुलगा जात आहेत. तो सुताराचा मुलगा आतां तालुक्यांत फर्निचरचें दुकान चालवितो. त्याला मीं बोलावलें. आधीं नको म्हणाला. मग एका रविवारीं आला आणि हत्यारांचीं इंग्रजी नांवें, आराखड्याचे शब्द, कोन, छेद असें सगळें दोन तास खडूनें लिहून त्या तिघांकडून घोकून घेतलें. पुढच्या रविवारींही आला. दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेची उत्तरेकडची खोली रोज सकाळीं आठ ते अकरा उघडी राहील. आजूबाजूच्या गांवांतलीं जीं मुलें इंजिनिअरिंगला, पॉलिटेक्निकला किंवा शास्त्रशाखेला आहेत, त्यांनीं आपापल्या वह्या घेऊन यावें. जें सुटलें नाहीं तेंच पान उघडून बसावयाचें. चहा माझ्या घरून येईल.

— एक मराठी शाळामास्तर